उद्याबाई

लाल झालेले डोळे. पुस्तकात पुढच्या धड्यावर खोचलेलं बसचं तिकीट. “उद्या सांगते.”

बीजगणिताच्या बाईंना आम्ही उद्याबाईच म्हणायचो. काहीही विचारलं, की उत्तर दुसऱ्या दिवशी. पण यायचं नक्की.

गणितात नापास झाले की शाळा बंद, असं बाबांनी मला बजावलं होतं. तरी एकदा खोडी काढलीच. “बाई, समीकरणात एकाच बाजूतून तीन वजा केले तर काय बिघडतं?”

“उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “पँट लांब होते म्हणून एकच पाय तीन इंच कापलास, तर घालशील का गं ती?”

वर्ग हसला. मला मात्र समीकरण कळलं, कायमचं.

आता बीजगणित मीच शिकवते. पहिल्या तासाला जुनी पँट घेऊन जाते.

गणिताचे सर त्या वर्षी सुरुवातीलाच सोडून गेले होते. बाईंची नेमणूक शिवणकामासाठी होती.