घरचं माणूस

आमच्या थोरल्याची अक्कल आज पुरात वाहून गेली होती. नदी काठ खात होती, अख्खी झाडं ओढून नेत होती, आणि यानं बाजाराला निघालेल्या बारा बायका नावेत भरल्या. घरचं माणूस एकही नाही.

माझ्या सासऱ्यांनी इथं नाव सुरू केली तेव्हापासूनचा नियम आहे, पुरात आधी घरचं माणूस नावेत बसवायचं. तान्ह्या थोरल्याला पोटाशी धरून मीही बसलेय.

आज यानं बायकोला परत घरी पिटाळलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं. मी गुपचूप नावेत जाऊन बसले. दोर सोडता सोडता त्यानं मला पाहिलं आणि तो थांबला.

"आये, तू उतर. पाण्याचा भरवसा नाही."

"मग या बाराजणी काय कुणाच्या आया नाहीत? बांध तो दोर."