वर्ग चालू आहे

“पुन्हा वाच,” तहसीन म्हणाला.

हग्गागीनं टोपी मागं सारली आणि मान तिरकी करून फळ्याकडं पाहिलं. फळ्यावर एकच अरबी शब्द होता. बाब. म्हणजे दार.

“होडी,” तो म्हणाला. “मग काठी. मग पुन्यांदा होडी.”

मागं हशा पिकला.

“उस्ताज, सईदी माणूस आहे तो, दक्षिणेतला खेडवळ!” अलेक्झांड्रियाचा शहाता ओरडला. “दार उघडं ठेवलं तरी भिंतीतनंच जायचा.”

“गप रे, मासळीबाजार,” हग्गागी म्हणाला. तोही हसत होता.

छावणीतल्या या वर्गाचा नियम साधा होता. लिहिता-वाचता आल्याशिवाय शिपायाला सुटकेचा दाखला नाही, मग त्याची मुदत संपलेली का असेना. अडाण्याला तीन वर्षं लष्करात काढावी लागत, पदवीधराला एक. शिकवायला असाच एखादा भरती झालेला पदवीधर धरत. यंदा शिबीन गावचा तहसीन.

पहिल्याच दिवशी हवालदार बयूमीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “तुमच्यातला एक जरी उरला तरी वर्ग चालू. सगळे सुटलात की वर्ग बंद, आणि तुमचे मास्तर डोंगरातल्या चौकीवर. तेव्हा लवकर शिका, तिकडं वाट बघतायत त्यांची!”

तो एकटाच हसला. आधीचा मास्तर त्या चौकीवरून झेंड्यात गुंडाळून आला होता.

अक्षरं हग्गागीच्या डोक्यात शिरत नसत, पण गळा मात्र देवानं सढळ हातानं दिला होता. शुक्रवारच्या नमाजानंतर तो बराकीच्या सावलीत बसे आणि पैगंबरांच्या स्तुतीची कवनं गाई. मधेच थांबून गोष्ट सांगे, पुन्हा सूर धरी. ऐकता ऐकता बयूमीसारखा माणूस तोंड फिरवून डोळे पुशी. तहसीनला वाटे, ज्याला एवढं सगळं पाठ आहे त्याला अठ्ठावीस अक्षरं जड का जावीत?

एकदा त्यानं हग्गागीला अक्षरांचे आकार समजावून सांगितले आणि म्हणाला, “यांचंच गाणं कर बरं.”

दुसऱ्या दिवशी गाणं तयार होतं. बेची होडी, खाली एक खडा. तेची होडी, वर दोन पाखरं. शीनचे दात तीन, वर पाखरं तीन. अख्खा वर्ग टाळ्यांच्या ठेक्यावर गाऊ लागला. शहातासारखा ठोंब्यासुद्धा महिन्याभरात वर्तमानपत्रातले फुटबॉलचे निकाल वाचून दाखवू लागला.

परीक्षा घ्यायला मुख्यालयातून कप्तान आले. बाकी सगळे पास झाले. हग्गागीच्या कागदावर नुसत्या होड्या होत्या.

निघताना शहातानं त्याला मिठी मारली. “अरे, तुझं गाणं गुणगुणत लिहिलं मी. आणि तूच मागं?”

“विहिरीला कधी तहान लागते व्हय?” हग्गागी म्हणाला.

वर्ग एका विद्यार्थ्यावर आला. तहसीननं जिद्द धरली. वाळूत बोटानं अक्षरं काढून झाली, मसुरीचे दाणे मांडून झाले. हग्गागी सगळं मन लावून बघे, मान डोलवी आणि दुसऱ्या दिवशी विसरलेला असे. त्याची मुदत केव्हाच संपली होती.

“गेल्या सुट्टीला घरी गेलो,” एकदा चहा पिताना तो म्हणाला, “तर पोरगी आईला विचारती, ह्यो मामा कधी जाणार गं?”

सांगून तो हसला. मग बराच वेळ कोरडीच पाटी पुसत बसला.

त्या संध्याकाळी तहसीननं नमाजानंतर हात पसरले आणि हग्गागी पास व्हावा म्हणून मागणं मागितलं. त्यानंतर आपली रवानगी कुठं होणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी मागणं त्यानं माघारी घेतलं नाही.

दुसरी परीक्षा झाली. पुन्हा होड्याच.

“दगड आहेस!” तहसीन पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडला. “तुला घरी जायचंच नाही का रे?”

“जायचंय, उस्ताज,” हग्गागी खाली बघत म्हणाला. “लई जायचंय.”

“मग?”

“न्हाई शिरत डोक्यात. काय करू?”

पुढची परीक्षा यायच्या आत तहसीनचंच वर्ष भरलं. सुटकेचा दाखला हातात ठेवताना बयूमी म्हणाला, “नशीबवान आहेस. त्या मठ्ठानं अडकवून ठेवलं म्हणून वर्ष इथं सावलीत गेलं. जा, आईला भेट.”

तहसीनला त्यात आनंद वाटेना. एवढी बुकं शिकून एका माणसाला ‘दार’ शिकवता आलं नाही, आणि तो आपल्यामागं इथंच राहणार.

फाटकाबाहेर सुटलेल्या शिपायांसाठी गाड्या उभ्या होत्या. हग्गागीनं त्याची पेटी खांद्यावर घेतली होती. तहसीनचे डोळे भरून आले होते. तो समोर दिसेल त्या पहिल्या गाडीच्या पायरीवर चढू लागला.

हग्गागीनं त्याची बाही ओढली. “तिकडं कुठं, उस्ताज? ती तंताची. पल्याडची मन्सूराची. तुमची शिबीनची ही मधली.”

त्यानं पेटी मधल्या गाडीच्या टपावर चढवली, दोरी आवळली, आणि मग एकाएकी त्याचे हात थांबले.

तहसीन गाड्यांकडं बघत राहिला. तिन्ही सारख्याच पांढऱ्या, सारख्याच धुळकट. चालक अजून लांब टपरीवर चहा पीत होते, हाकारणारंही कुणी नव्हतं. फक्त प्रत्येक गाडीच्या काचेमागं एकेक पुठ्ठा टेकवलेला होता आणि त्यावर कोळशानं गावाचं नाव लिहिलेलं होतं.