टपावरचं मशीन

माझी बायको मबरूका गेल्याचा फोन आला, तेव्हा बोटीने मार्सेयचा धक्का सोडला होता. ती आठवडाभर आधी विमानाने ट्यूनिसला माहेरी गेली होती. तिचं शिलाई मशीन गाडीच्या टपावर बांधून मी गाडीसकट बोटीने मागून निघालो होतो. "मी असल्याशिवाय उतरवू नका, तुम्ही आपटाल," तिने बजावलं होतं. दुसऱ्या दुपारी वाऱ्यामुळे बोट ट्यूनिसच्या बंदराबाहेरच थांबली. समोर टेकडीवरचं कब्रस्तान दिसत होतं. डेकवर शेजारच्या गाडीवाल्याने चिडवलं, "काका, काकूंसाठी अख्खं दुकान नेताय की काय?" "हो, तिच्यासाठीच," मी म्हणालो. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, नमाज झाली. उन्हाळा आहे, आता थांबता येत नाही. काय करू?" मी टेकडीकडे पाहत म्हणालो, "द्या माती." संध्याकाळी दारात मेहुणा दोर सोडू लागला. मी त्याचा हात धरला. आज चाळिसावा दिवस. मशीन अजून टपावरच आहे.