बाबांचा पासवर्ड

हॉलमधल्या जुन्या कंप्युटरपासून बेडरूममधल्या नव्यापर्यंत वायर मीच ओढली. पण मी शाळा सोडल्यापासून बाबांचा माझ्यावर भरवसा नाही. मी दिवसभर हॉलमध्येच बसतो, म्हणून तिथल्या कंप्युटरवरच्या ऑफिसच्या फोल्डरला त्यांनी स्वतः पासवर्ड टाकला. आज बेडरूममधून त्यांना तो फोल्डर उघडेना. “तूच पासवर्ड बदललास! उद्यापासून कंप्युटर बंद, परत शाळेत जायचं!” “तुम्ही विसरलात, बाबा.” “मी? अख्ख्या आर. के. पुरम कॉलनीचे फोन नंबर पाठ आहेत मला!” माझं डोकंच फिरलं. त्यांना हाताला धरून हॉलमध्ये आणलं, फोल्डरवर क्लिक केलं. काही न विचारता तो उघडला. “यार बाबा, पासवर्ड फक्त वायरवरून, तुमच्या खोलीतून उघडताना लागतो. इथे कधी लागलाच नाही.” “म्हणजे तू सगळं वाचलंस?” “वाचलं असतं तर तुम्हाला दाखवलं असतं का?” बाबांनी माझ्या हातातून माउस काढून घेतला.