कोरी चकती

कोऱ्या चकतीभोवती आज पुन्हा स्वच्छ वर्तुळ पडलं होतं. विगातीने काचेची बशी उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि समस्त जंतूंना एक शेलकी शिवी हासडली.

बशीतल्या जेलीवर जंतू वाढवायचे आणि वर कागदाच्या चकत्या ठेवायच्या. तिने बनवलेलं चांदीचं संयुग ज्या चकतीत मुरवलंय, तिच्याभोवतीचे जंतू मरायला हवेत. कोऱ्या चकतीत नुसतं पाणी. तिच्याभोवती त्यांनी सुखाने नांदायला हवं. इथे कोरी चकतीही जंतू मारत होती. मग संयुगाने मारले, हे कुणी मानायचं? गुरुवारी तेच संयुग कर्करोगाच्या पेशींवर तपासायला जायचं होतं. त्याआधी ही चाचणी नीट झाली नाही, तर नंबर हुकणार आणि पुढचा थेट सहा महिन्यांनी. तीन वर्षं तिने ते संयुग उजेड लागू नये म्हणून तान्ह्या पोरासारखं गुंडाळून जपलं होतं.

"पाणी बदललंस?" तिच्या मार्गदर्शक बू तुतिक, म्हणजे तुतिकबाई, यांनी विचारलं.

"दोनदा."

"कागद?"

"नवं पाकीट फोडलं, बू. मला तर वाटतं, भूतबाधा झालीय."

"भुतं एवढी रिकामटेकडी नसतात. माझ्यासमोर कर बघू सगळं."

विगातीने डबीतून चिमटा काढला. प्रयोगशाळेत बाकी सगळ्यांचे चिमटे पोलादी. तिचा मात्र चांदीचा, मुठीवर नाजूक पानांची वेल. तिचे वडील दारसोनो हे चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या कोतागेडेतले जुने कारागीर. ती रसायनशास्त्राला गेली तेव्हा त्यांनी तो स्वतः घडवला होता. "चांदीला गुण असतो, पोरी," असं तेव्हा त्यांनी ऐकवलं होतं. "लोखंडाला काय असतं? गंज!" बाकीचे जण आपले चिमटे ज्योतीत धरून शुद्ध करत. ज्योतीने वेल काळवंडेल म्हणून विगाती आपला चिमटा पातळ नायट्रिक आम्लात बुडवायची. आत्ताही तिने तो बुडवला, पाण्यातून काढला, झटकला आणि कोरी चकती उचलली.

बू तुतिकना हसू आवरेना.

"अगं, चांदीवाल्याची मुलगी ना तू? या आम्लात चांदी विरघळते, हे तुला मी सांगायचं? तुझा चिमटाच औषध सोडतोय!"

विगातीने कपाळावर हात मारून घेतला आणि शेजारच्या टेबलावरचा पोलादी चिमटा मागून आणला.

बुधवारी सकाळी कोऱ्या चकतीला खेटून जंतूंची दाट साय धरली होती. संयुगाच्या चकतीभोवती मात्र लख्ख वर्तुळ होतं. विगाती तिथल्या तिथे नाचली.

घरी तिने ही गंमत वडिलांना रंगवून सांगितली. ते हसले नाहीत.

"म्हणजे माझ्या चिमट्यानं तुझं काम बिघडवलं," एवढंच म्हणाले आणि जेवण अर्धवट टाकून कामाच्या पाटावर जाऊन बसले. उगाच सांगितलं, असं तिला झालं. फार वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी ती संयुगाची कुपी घेऊन निघाली, तर ते दारातच उभे. हातात बाजारातून आणलेला पोलादी चिमटा. मुठीवर तीच पानांची वेल कोरलेली. दोन पानं वाकडी गेली होती आणि त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. साठी उलटल्यावर त्यांनी पहिल्यांदाच पोलादावर छिन्नी चालवली होती. विगातीला भरून आलं.

"घे," ते छाती फुगवून म्हणाले. "याला काडीचाही गुण नाही, पोरी. बिनधास्त ज्योतीत धर."