पाटाखालचा नंबर
श्रावण लागला की वालावलात घरोघरचे पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, जातात आणि मूर्ती त्यांवरच घडते. चौऱ्याऐंशी साली आठ वर्षांची सजा भोगून आलेला दत्ताराम स्वतः केलेला नवा पाट घेऊन तिथे गेला. तुरुंगात मिळालेलं सुतारकामाचं प्रमाणपत्र खिशात होतं. ते दाखवून काम मागायचा मात्र धीर होईना. घराचं नाव खडूने लिहायला मूर्तिकार भाईंनी पाट उलटा केला, तर खाली २१४ कोरलेलं. तुरुंगाच्या कारखान्यात प्रत्येक वस्तूखाली आपला कैदी नंबर घालावा लागे. हाताच्या सवयीने इथेही घातला गेला. दत्तारामाने पाट सुलटा करायला हात पुढे केला. "ह्यो नंबर कसलो रे?" "माझो. थंयलो." भाईंनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं नि खडू ठेवून दिला. "खडू पुसलो नि गेल्या वर्साक दोन घरांचे पाट बदलले. ह्या सगळ्यांक नंबर घाल." "खंयसून सुरू करू?" "एकापासून."