जेवायचा हात

पाठीला पाठ लावून बसलं की पोरगी दिसत नाही, हे नीलाला कार्ट सुरू झाल्यावर कळलं.

शिवला मागे तोंड करून बसायची उलटीच सीट हवी होती. चार वर्षांच्या मुलाला मागे एकटं कसं बसवणार, म्हणून नीलाही मागे. दोघांचे पट्टे लावून झाले आणि अबोलीने शेजारच्या दीपामावशींची गोल्फ कार्ट ड्राइव्हवेवरून हळूच खाली उतरवली. समोरचं घर मागे मागे जायला लागलं.

अबोली पंधरा वर्षांची. या गावात जवळपास जायला लोक अशा कार्ट वापरत. अबोलीच्या वयाच्या मुलांना कार्ट घेऊन रस्त्यावर एकटं जाऊ द्यायचं का, यावर बुधवारी टाउन हॉलमध्ये लोक बोलणार होते. तोवर सोबत मोठं माणूस लागायचं. आईने तिथे उभं राहून 'हो' म्हणावं, एवढंच अबोलीला हवं होतं. मग सकाळी स्विमिंगला ती आपली आपण जाईल, आणि शिवला झोपेतून उचलून गाडीत कोंबावं लागणार नाही.

"आधी मला लायब्ररीपर्यंत नेऊन दाखव," नीला म्हणाली होती. लायब्ररी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होती.

"अगं, कुत्रा! ब्रेक मार!"

"आई, तो गेला मागे."

खरंच गेला होता. शेपूट हलवत, नीलाकडे बघत लहान लहान होत चालला होता.

"आणि ती कचऱ्याची बादली…"

"तीपण गेली. यू आर वॉर्निंग मी अबाउट द पास्ट, यार."

"आईला यार म्हणू नये."

तेवढ्यात तिघंही सीटवरून वर उडाली. शिव खिदळला. नीलाने दांडी घट्ट धरली.

"स्पीड ब्रेकर आला तर सांगायचं नाही का? मला इथून पुढचं काय दिसतंय?"

"ओके, ओके, सांगते. अजून एक बंप. आणि आता जेवायच्या हाताला वळतेय."

नीला उजवीकडे कलली. कार्ट भलतीकडेच वळली. ती दांडीवर आदळली आणि शिव तिच्या अंगावर.

"जेवायच्या हाताला म्हणालीस ना?"

"माझ्या जेवायच्या हाताला, आई!"

उजवा-डावा हे शब्द अबोलीच्या डोक्यात कधी बसलेच नाहीत. लहानपणी ती खुर्चीत उशी घालून जेवायला बसायची, तेव्हा नीलानेच 'उजवा म्हणजे जेवायचा' असं सोपं करून दिलं होतं. शिवने आपला हात वर धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

मोठा रस्ता आला तो नीलाला आवाजाने कळला. कार्ट स्टॉपच्या पाटीशी थांबली. पाठोपाठ एक पांढरी व्हॅन येऊन मागे उभी राहिली, म्हणजे नीलाच्या अगदी तोंडासमोर. आत लाल टोपीवाला दाढीवाला माणूस. नीला हसली. तो हसला नाही.

कार्ट हलेना. पाठीमागून एक गाडी गेली, मग दुसरी. मग काहीच नाही. तरी कार्ट उभीच. लाल टोपीवाल्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवायला सुरुवात केली. त्याची नजर चुकवायला नीला शिवच्या बुटाचा पट्टा उगाचच काढून पुन्हा लावत बसली. पोरीचा चेहरा एकदा दिसायला हवा होता. घाबरली असेल? की मजेत असेल? असं काही ठरवताना ती ओठ चावते, तसा आत्ताही चावत असेल का?

"शिव, बघ रे, ताई काय करतेय?"

शिवने मान पार वळवून पाहिलं. "ताई इकडे बघते. मग तिकडे बघते. मग परत इकडे बघते."

व्हॅनचा हॉर्न वाजला. लांबलचक.

"जा ना गं अबोली," नीला म्हणाली. "तो माणूस चिडलाय. जा, जा."

"नाही."

"अगं, काही येत नाहीये!"

"तुला दिसतंय का?"

आणि त्याच क्षणी तिच्या पाठीमागून काहीतरी प्रचंड धडधडत गेलं. कार्ट हलली. शिवचे केस एका बाजूला उडाले आणि वाऱ्याचा गरम झोत नीलाच्या मानेवर आपटला. समोर लाल टोपीवाल्याचे डोळे त्या आवाजाबरोबर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले. मग त्याने स्टिअरिंगवरचा हात खाली घेतला.

इकडे, तिकडे, परत इकडे बघण्याइतका वेळ गेला.

"आता," अबोली म्हणाली, आणि कार्ट रस्ता ओलांडून गेली.

लायब्ररीच्या पार्किंगमध्ये अबोलीने चावी काढली. नीला उतरून पुढे आली आणि पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. खालच्या ओठावर दातांची बारीक खूण होती.

"ट्रक केवढा होता गं?"

"बिग." मग दोन्ही हात पसरून, "खूप बिग."

"हं."

"सो? बुधवारी काय सांगणार तू?"

"हेच, की मी जा म्हणाले होते. आणि तू गेली नाहीस."

"वेट. म्हणजे दॅट्स अ येस?"

नीलाने शिवचा हात धरला. "चल, आधी पुस्तकं घेऊ."

परत निघताना अबोलीने शेजारच्या सीटवर थोपटलं. "आई, पुढे बस ना. शिवला मध्ये घेऊ. मग तुला सगळं दिसेल."

नीलाने त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग पुस्तकांची पिशवी तिथे ठेवली आणि शिवला उचलून मागे नेलं.

"नको. तू सांगत जा."

मोठ्या रस्त्याशी कार्ट थांबली तेव्हा नीलाने एकदाही 'जा' म्हटलं नाही. मागे कुणी नव्हतं. बंप आला, तो सांगून आला. घराच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाशी अबोलीने वेग कमी केला.

"जेवायच्या हाताला, आई."

शिव लगेच उजवीकडे झुकला. नीलाने त्याला जवळ ओढलं आणि ती डावीकडे कलली.